सर्टिफिकेट उघडून बघताना

लहानसहान संस्थांच्या वेबसाइट सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यातून साइटचं सर्टिफिकेट उघडून वाचायची खोड लागली. त्या खोडीने शिकवलेलं काही:

१. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारं कुलूप म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. तुम्ही टाकलेला मजकूर वाटेत कुणाला वाचता येणार नाही, एवढीच त्याची हमी. पलीकडे सज्जन बसलाय की भामटा, हे ते सांगत नाही. ज्या सर्टिफिकेटमुळे ते कुलूप दिसतं, ते 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था २०१५ अखेरपासून फुकट देते. बँकेची नक्कल करणाऱ्यालाही ते मिळतं. लोकांचा हा गैरसमज पाहून क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलूपच हटवलं. उशिरा का होईना, बरं केलं.

२. डोमेनचं नाव शेवटाकडून वाचा. सुरुवातीला बँकेचं नाव कुणीही लावू शकतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं, ते शेवट बघून खरी बँक ओळखता यावी याचसाठी.

३. सगळ्याच साइट एकदम 'असुरक्षित' दिसू लागल्या तर आधी संगणकाची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि चांगली सर्टिफिकेटंही अवैध ठरतात. एकच साइट अडत असेल, तर मात्र पुढे जाऊ नका.

४. सर्टिफिकेट कुणी दिलं ते सांगणारी 'इश्यूड बाय'ची ओळ कुणी वाचत नाही. खरी गंमत तिथेच असते. २०११ मध्ये हल्लेखोरांनी डिजिनोटार या सर्टिफिकेट देणाऱ्या डच कंपनीत घुसून गूगलच्या नावाचं सर्टिफिकेट काढलं आणि ते इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवायला वापरलं गेलं. ब्राउझरांनी कंपनीवरचा विश्वास काढून घेतला; त्याच वर्षी सप्टेंबरात तिचं दिवाळं निघालं. आपण हसायचं कारण नाही. २०१४ मध्ये आपल्या सरकारी एनआयसीकडूनही गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली होती. आता दिलेली सर्टिफिकेटं सार्वजनिक नोंदवह्यांत चढवली जातात. 'सीआरटी डॉट एसएच'वर आपलं डोमेन टाका, त्याच्या नावावर कुणी काय काढलंय ते दिसेल. आणि हो, त्या ओळीत तुमच्या अँटिव्हायरसचं किंवा ऑफिसचं नाव दिसलं, तर मधे बसून तुमचा मजकूर तेही वाचू शकतात.

५. साइट लॅपटॉपवर उघडते, पण काही मोबाइलवर अडते? बहुधा सर्व्हरवर मधलं, म्हणजे 'इंटरमीडिएट' सर्टिफिकेट चढवायचं राहिलेलं असतं.

६. मुदत संपल्याने मोठमोठे आडवे होतात. डिसेंबर २०१८ मध्ये एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं एक सर्टिफिकेट संपलं आणि ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचा मोबाइल डेटा बंद पडला. सर्टिफिकेटची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. कॅलेंडरवर खूण करून हे निभणार नाही. साइट चालवत असाल, तर नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय आजच करून घ्या.