मुलांच्या प्रश्नाला उत्तर द्या

अभ्यासासाठी मुलांना दिलेल्या मोबाईलवर अश्लील चित्रफितीही येतात, हे आता प्रत्येक पालकाने गृहीत धरले पाहिजे. आठवीतल्या माझ्या मुलाच्या हाती अशी चित्रफीत दिसली तेव्हा मी मोबाईल हिसकावला, हात उगारला. चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने आईला विचारले, "मोठी माणसं खरंच असं वागतात का?" हा प्रश्न मला विचारण्याची सोय मीच ठेवली नव्हती.

र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत. त्यावरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला चालला आणि कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटल्यात हार झाली, विचार मात्र टिकला.

म्हणून पालकांनो, रागावण्याआधी विचारा, "हे तुझ्यापर्यंत कसं आलं?" कुतूहल वाटणे हा दोष नाही, हे सांगा. तो पैशासाठी केलेला देखावा असतो. खऱ्या नात्यात संमती व आदर लागतो, हेही सांगा. लहान मुलांची अशी चित्रे जवळ ठेवणे वा पुढे पाठवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. कोणी मुलाला धमकावत असल्यास १०९८ वर फोन करा.

घरात उत्तर मिळाले नाही, तर मूल ते मोबाईललाच विचारील.