प्रथमोपचाराचा पाठ : थकलेले हात व छातीवरील दाब



आपल्या जिल्ह्यात जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याशी पुष्कळ गावे वसली आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे. तथापि आडगावी गाडी पोहोचण्यास काही वेळ लागणारच. तेवढ्या अवधीत एखाद्या प्रौढ माणसाचे हृदय बंद पडल्यास त्याचा प्राण जवळच्या माणसांच्या हातांवर अवलंबून असतो. ते हात थकले म्हणजे काय होते, हा या पाठाचा विषय होय.

छातीच्या मध्यभागी दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे अमेरिकेतील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर या संशोधकांनी १९६० साली प्रसिद्ध केले. प्रौढांसाठी मिनिटास १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, व प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणे, असे आजचे प्रमाण आहे.

हे काम मोठ्या श्रमाचे आहे. थकलेल्या माणसाच्या दाबांची खोली कमी होते व तो नकळत छातीवर रेलून राहतो. छाती वर न आल्यास हृदयात पुरेसे रक्त भरत नाही. १९९५ सालच्या एका अभ्यासात, पुतळ्यावर दिलेल्या दाबांपैकी पहिल्या मिनिटात सुमारे ९३ टक्के योग्य होते. तिसऱ्या मिनिटात ३९ टक्के, तर पाचव्या मिनिटात अवघे १८ टक्के उरले. विशेष हे, की आपले दाब बिघडल्याची जाणीव दाब देणाऱ्यांना झाली नव्हती. तात्पर्य, हात आधी थकतात, मनाला ते मागाहून कळते. म्हणून ‘मी अजून दमलो नाही’ या भावनेवर विसंबू नये. घड्याळ प्रमाण मानावे.

मात्र माणूस बदलताना खंड पडू देऊ नये. गावची हापशी थांबली की पाणी खाली उतरते व पुन्हा चार-सहा हात मारल्यावाचून वर येत नाही. रक्ताच्या दाबाचेही तसेच आहे.

शाळेत पाठ पुढीलप्रमाणे घ्यावा :

१. घट्ट उशी जमिनीवर ठेवावी. जिवंत माणसाच्या छातीवर सराव कदापि करू नये.

२. कोपरे ताठ व खांदे हातांच्या सरळ वर ठेवून कमरेपासून शरीराचा भार द्यावा.

३. दुसऱ्याने समोर बसून मोठ्याने मोजावे व दोन मिनिटे होताच ‘बदला’ म्हणावे. बदल पाच सेकंदांच्या आत व्हावा.

४. लहान विद्यार्थ्यांचे वजन या कामास पुरत नाही. त्यांनी घड्याळ पाहावे, १०८ ला कळवावे व मोठ्यांना बोलावून आणावे.

वडीलधाऱ्यांना ‘बाजूला व्हा’ म्हणणे आपणांस जड जाते. पाळी घड्याळाने ठरली, तर त्यात कोणाचा मान जात नाही. दुसरे कोणीच नसल्यास मात्र थकला तरी एकट्याने दाब चालूच ठेवावे. उथळ दाब काहीच न करण्यापेक्षा बरे.

स्वाध्याय : माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही व नीट श्वास घेत नाही, अशा वेळी आपल्या शाळेत प्रथम दाब कोण देईल व दोन मिनिटांनी त्याची जागा कोण घेईल, हे ठरवून नावे फळ्याशेजारी लिहून ठेवावीत.