काऊलिंग लावण्याआधी

लष्कर, ग्वाल्हेर

चि. बाळू,

तू गॅरेजात किटवरून बांधतो आहेस त्या विमानाचे, तू पाठवलेले फोटो मोठे करकरून पाहिले. काऊलिंगचे, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचे, दोन्ही भाग नुसते टेकवून ठेवले आहेस, तरी विमानाला नाक-डोळे आल्यासारखे दिसतात. इथून पुढे तुला घाई होणार. फोनवर तू सगळ्याला ‘हो काका’ म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

काऊलिंग शोभेसाठी असतं असं पाहणाऱ्याला वाटतं. पण १९२८ च्या सुमाराला अमेरिकेत अभियंता फ्रेड वाइक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गोलाकार मांडलेल्या सिलिंडरांच्या इंजिनासाठी नवं काऊलिंग तयार केलं. ते बसवल्यावर लॉकहीडच्या एअर एक्स्प्रेस विमानाचा वेग ताशी १५७ मैलांवरून १७७ वर गेला. इंजिन तेच, फक्त हवेला नीट वाट मिळाली. तुझ्या लायकमिंग इंजिनालाही तेच हवं आहे. पुढच्या दोन तोंडांतून आलेली हवा सिलिंडरांच्या वरून, त्यांना थंड ठेवणाऱ्या पातळ पात्यांमधून खाली उतरली पाहिजे आणि इंजिनामागच्या फायरवॉलपाशी खालून बाहेर पडली पाहिजे. बॅफलचा, म्हणजे हवा वळवणाऱ्या पत्र्याचा, रबरी पट्टा काऊलिंगला कुठे टेकत नसेल, तर हवा तिथूनच पळ काढते आणि मागचा सिलिंडर भाजतो. बाहेर पडायची जागा आत येण्याच्या जागेपेक्षा मोठी ठेव, कारण तापलेली हवा फुगते. ‘खालून जरा बुटकं केलं तर छान दिसेल’ असं लिहिलं आहेस. करू नकोस. तुमच्या टेक्ससच्या उन्हाळ्याला छान दिसण्याशी देणंघेणं नाही. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उभ्या विमानावर मी काम केलं आहे, त्यामुळे हे पुस्तकातलं सांगत नाही.

स्पिनर, म्हणजे प्रोपेलरची टोपी, आणि काऊलिंग तंतोतंत एका रेषेत आणू नकोस. इंजिन रबरी माउंटवर लटकलेलं आहे; काही तासांच्या उड्डाणानंतर ते थोडं खाली बसतं. म्हणून आज स्पिनर किंचित वर दिसला पाहिजे. मधली फट तुझ्या किटच्या पुस्तकात दिली आहे तेवढीच राहू दे. सुरू होताना आणि बंद होताना इंजिन किती हेलकावे खातं ते तू अजून पाहिलेलं नाहीस. खालचा भाग एक्झॉस्टच्या नळ्यांपासून सगळीकडे सुटा आहे ना ते हात फिरवून बघ. आतून रेझिनचा हात दे, म्हणजे तेल फायबरग्लासमध्ये मुरणार नाही, आणि नळीजवळ उष्णता परतवणारी फॉइल लाव. कापताना रेघेच्या बाहेरच थांब, उरलेलं कानशीनं घासून काढ. काऊलिंगबद्दल एवढं पुरे.

वायरिंगची मला जास्त काळजी आहे. फोटोत सगळ्या तारा एका जाड जुडग्यात झिप टायने आवळल्या आहेस. दिसायला सुरेख, पण तपासायला वाईट. फायरवॉलच्या पुढे प्लॅस्टिकचा टाय उष्णतेने ठिसूळ होतो, आणि कडक टाय थरथरत्या तारेचं कवच खातो. तिथे रबरी अस्तराचे अॅडेल क्लॅम्प वापर. इंजिन आणि फायरवॉल यांच्यामध्ये तारेला थोडी ढील दे. इंधनाच्या नळीच्या खालून तार नेऊ नकोस, वरून ने. नळी गळली तरी थेंब तारेवर पडायला नको. फायरवॉलमधून तारा जिथे आत जातात तिथे स्टीलचा ग्रॉमेट आणि अग्निरोधक लेप हवाच. आग लागल्यावर साधा रबरी ग्रॉमेटच पहिल्यांदा जळतो. तारेच्या टोकाचा लग चांगल्या हत्याराने क्रिम्प कर, मग ओढून बघ. फ्यूज तारेच्या जाडीप्रमाणे निवड, कारण तो तारेला वाचवण्यासाठी असतो. आणि इंजिनापासून सांगाड्यापर्यंत अर्थची जाड पट्टी लावायला विसरू नकोस. ती नसली तर स्टार्टरचा सगळा करंट थ्रॉटलच्या केबलमधून परतीची वाट शोधतो आणि केबल जाळतो.

आता मॅग्नेटोच्या पी-लीडचं, म्हणजे तो बंद करणाऱ्या तारेचं, नीट वाच. आपल्या घरातल्या स्विचची सवय इथे उलटी पडते. मॅग्नेटो स्वतःच ठिणगी तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. तो बंद करायचा म्हणजे पी-लीड अर्थला जोडायची. ती तार तुटली किंवा लग सैल झाला, तर स्विच ‘ऑफ’वर असतानाही मॅग्नेटो जिवंत राहतो, आणि कुणी सहज प्रोपेलर हाताने फिरवला तर इंजिन झटका देऊ शकतं. म्हणून पहिल्यांदा इंजिन चालवलंस की बंद करण्याआधी, मंद गतीवर क्षणभर किल्ली ‘ऑफ’ करून बघ. इंजिन विझू लागलं पाहिजे. नाही विझलं तर इंधनाचं मिक्श्चर ओढून ते बंद कर, प्रोपेलरपासून सगळ्यांना लांब ठेव आणि आधी ती तार शोध. आणि स्विच कुठेही असो, प्रोपेलरला हात लावताना तो जिवंतच आहे असं धर. शेजारची मुलं गॅरेजमध्ये येतात असं तूच सांगितलंस.

हवाई दलात मी एचपीटी-३२ या प्रशिक्षण विमानावर काम केलं. त्यालाही लायकमिंगच होतं, २६० अश्वशक्तीचं. इंजिन हवेत बंद पडण्याच्या घटनांमुळे ती विमानं २००९ मध्ये जमिनीवर बसवली गेली. पुढे इथल्याच महाराजपुरा हवाई तळावर १९८५ मध्ये आलेल्या मिराज लढाऊ विमानांच्या ताफ्यातही होतो. दोन्हीकडे एक नियम होता: महत्त्वाच्या कामावर करणाऱ्याची एकट्याची सही चालत नाही, दुसरा माणूस ते उघडून बघतो. तुझ्या गॅरेजात तो दुसरा माणूस नाही, हीच माझी खरी चिंता.

कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव तुला ठाऊक आहेत. २०१६ मध्ये ते विमान ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी डोळे भरून पाहिलं, नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उडवण्याची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. त्या मानाने तुला सोपं आहे: किट तयार मिळालं, नियम ठरलेले आहेत, आणि उड्डाणचाचणीचे तासही आखून दिलेले आहेत. शिवाय हौशी विमान बांधणाऱ्यांच्या तुमच्या ईएए संस्थेचे टेक्निकल काउन्सेलर घरी येऊन काम बघतात, पैसेही घेत नाहीत. एवढी सोय असून त्यांना बोलावलं नाहीस तर मला राग येईल.

तुझी काकू विचारते, गजक पाठवायची का. पत्ता बदलला असेल तर कळव.

या महिन्यात काउन्सेलरला बोलाव. तो येईपर्यंत वरचं काऊलिंग लावू नकोस, आणि त्याने काय काय दाखवलं ते मला सविस्तर लिही.

तुझा,
काका