सालगडी कीं पुत्र?

(शास्त्रभाग : लूक १५:११-३२, गलतीकरांस ३:१-५ व ४:१-१०. लेख वाचण्यापूर्वीं हे भाग मोठ्यानें वाचावे.)



आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत एक गोष्ट वारंवार आढळते. प्रभुभोजनाचा रविवार आला म्हणजे कांहीं बंधुभगिनी मागें दाराशीं बसतात, किंवा येतच नाहींत. घरीं जाऊन विचारावें तर उत्तर मिळतें, “पाळकसाहेब, सुगींत चार रविवार चुकले, वर्गणीही राहिली. आतां देवापुढें कोणत्या तोंडानें येऊं?” हें उत्तर नम्रतेचें वाटतें, आणि त्यांत नम्रता असतेही. परंतु त्याच्या पोटांत एक समजूत दडलेली आहे. ती ही कीं, हजेरी भरली व वर्गणी दिली तर देवापुढें येण्यास तोंड असतें. आणि ज्याचा एकही रविवार चुकला नाहीं तो पुढच्या सतरंजीवर बसून मागें वळून पाहतो, त्याचीही समजूत तीच. दोघेही एकच वही वाचतात. एकाच्या पानावर जमा अधिक, दुसऱ्याच्या पानावर नांवें अधिक, इतकाच भेद.

ह्या वहीविषयीं आमच्या प्रभूनें काय शिकविलें हें लूकाच्या पंधराव्या अध्यायांत पाहूं. उधळ्या पुत्राचा दाखला आपणां सर्वांस पाठ आहे, व म्हणूनच तो आपण नीट वाचीत नाहीं. धाकट्यानें दूर देशीं बसून बापाला सांगावयाचें भाषण तयार केलें. त्याचे तीन भाग होते : मीं पाप केलें, पुत्र म्हणवून घेण्यास मी योग्य नाहीं, मला मोलकऱ्यासारखा ठेवा (१५:१८-१९). आतां एकविसावें वचन पाहा. पहिले दोन भाग तो बोलला, तिसरा आलाच नाहीं. बापानें लगेच चाकरांस हांक मारून झगा, अंगठी व जोडा आणविला. मोलकरी होण्याचा विचार त्या मुलाला शहाणपणाचा वाटला होता. काम करून हळूहळू फेडूं असा त्याचा हिशेब असावा. बापानें तें बोलणें पुरें होऊं दिलें नाहीं.

आतां थोरल्याकडे वळूं. तो घर सोडून कधीं गेला नाहीं. तरी पण बापाशीं बोलतांना त्यानें आपल्या इतक्या वर्षांच्या वागणुकीला जो शब्द लावला, तो मूळ ग्रीक भाषेंत दासासारखें राबणें ह्या अर्थाचा आहे (१५:२९). त्याला आज्ञा मोडल्याची एकही वेळ आठवत नाहीं, आणि न मिळालेलें करडूं मात्र पक्कें आठवतें! धाकटा मोलकरी होऊं इच्छीत होता. थोरला घरांत राहून मनानें दास होऊन बसला होता.

आपल्याकडे सालगड्याचें साल गुढीपाडव्याला भरतें हें तुम्हांस ठाऊक आहे. तुमच्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांनीं अशीं सालें काढलीं आहेत. लग्नकार्यासाठीं उचल घेतलेली असते, वर्षभराचे खाडे मांडलेले असतात, आणि पाडव्याला मालक वही उघडतो. पुष्कळदां सालभर राबूनही गड्याकडेच कांहीं निघतें, व तो पुढील सालास पुन्हां बांधला जातो. त्याच घरांत मालकाचा मुलगाही नांगर धरतो, कदाचित् गड्याहून अधिक घाम गाळतो. परंतु त्याचे खाडे कोणी मांडीत नाहीं. तो आजारी पडला तर आई उशाशीं बसते. त्याचें नातें पाडव्याला संपत नाहीं व पाडव्याला नवें होत नाहीं.

बारावें वचनही लक्षांत घ्यावें. धाकट्यानें वांटा मागितला तेव्हां बापानें आपली मिळकत दोघांमध्यें वांटून दिली असें तेथें आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें वडील मुलाला दुप्पट वांटा होता (अनुवाद २१:१७). तेव्हां थोरला ज्या शेतांत मजुरासारखा राबत होता, तें शेत त्याच्याच वांट्याचें होतें. एकतिसाव्या वचनांत बाप हेंच त्याला आठवण करून देतो.

पौलानें गलतियांतील मंडळ्यांस पत्र लिहिलें त्याचें कारणही हेंच. ते लोक ख्रिस्ताला सोडूं पाहत नव्हते. ख्रिस्ताला कांहीं जोड देऊं पाहत होते. सुंता, दिवस, महिने, सण ह्यांचें पालन केल्यानें आपण पुरे होऊं असें त्यांस सांगण्यांत आलें होतें. पौल विचारतो कीं, जें आत्म्यानें आरंभिलें तें आतां देहाच्या बळानें शेवटास नेतां काय? आम्हांस वाटतें, हा प्रश्न अगदीं आमच्याच मंडळ्यांस विचारला आहे. बाप्तिस्म्याच्या वेळीं आम्ही फुकट आलों, हें आम्हां सर्वांस कबूल आहे. पुढचा प्रवास मात्र स्वतःच्या खर्चानें करावयाचा असें आम्ही मनांत धरितों. पूर्वजांची नवसाची संवय हाडीं मुरलेली असते. “मुलगा बरा झाला तर मंडळीला अमुक देईन” असें आजही ऐकूं येतें. आणि मूल दगावलें तर “आमच्या हातून कांहीं चुकलें असेल” हा विचार त्या आईबापांच्या छातीवर धोंड्यासारखा बसतो. असें दुहेरी दुःख त्यांच्यावर येऊं देणें हा आम्हां शिक्षकांचा दोष आहे.

विद्वान् व कष्टाळू माणसें ह्यांतून सुटतात असें नाहीं. जॉन वेस्ली ऑक्सफर्ड येथें असतां आठवड्यांतून दोन दिवस उपास करी, तुरुंगांत कैद्यांस भेटे, व १७३५ सालीं अमेरिकेंतील जॉर्जिया प्रांतीं उपदेश करावयास समुद्रापार गेला. तेथून तो निराश होऊन परतला. १७३८ च्या मे महिन्याच्या २४ तारखेस लंडनमध्यें एका लहानशा सभेंत लूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचली जात असतां त्याला ख्रिस्तावरील भरंवशाचें समाधान लाभलें. पुढें कित्येक वर्षांनीं त्यानें आपल्या रोजनिशीला टीप जोडली, तींत त्या पूर्वीच्या काळीं आपल्या ठायीं चाकराचा विश्वास होता, पुत्राचा नव्हता, असें म्हटलें.

परंतु आपणांस अधिक जवळची साक्ष पंडिता रमाबाईंची आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान् व निष्ठावंत ब्राह्मण होते. तीर्थयात्रा, उपास, स्नानें, दानें ह्यांत त्या कुटुंबानें आपली सारी पुंजी वेंचली. शेवटीं दुष्काळांत वडील, आई व वडील बहीण अन्नावांचून गेलीं. त्या माणसांच्या कळकळींत कांहीं उणें होतें असें कोणी म्हणूं नये. आमच्यापैकीं किती जण देवासाठीं इतकें करितील? १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. १८८९ सालीं मुंबईस त्यांनीं शारदासदन काढलें. विधवांसाठीं त्यांचें काम नांवाजलें गेलें. आणि तरीही, बाप्तिस्म्याला सुमारें आठ वर्षें झाल्यावर, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे पण स्वतः ख्रिस्त मिळालेला नाहीं, असें त्यांस कळून आलें. विल्यम हॅस्लम नांवाच्या इंग्रज पाळकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचण्यांत आलें होतें. कित्येक वर्षें उपदेश केल्यावर, व्यासपीठावर उभा असतांनाच, ह्या पाळकाचा पालट झाला होता. पापी म्हणून, रित्या हातानें, केवळ ख्रिस्तावर टेंकावयाचें, हें रमाबाईंनीं तेव्हां स्वीकारिलें. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षींत त्यांनीं हें स्पष्ट सांगितलें आहे. शारदासदनाच्या चालिकेला जें लपवावेंसें वाटलें नाहीं, तें तुम्हांआम्हांस लपविण्याचें काय कारण?

येथें कोणी म्हणेल, “असें शिकवाल तर लोक देवळांत येणें सोडतील.” ही शंका आम्हीं अनेक उपदेशकांच्या तोंडून ऐकली आहे, व ती पोकळ नाहीं. पण रमाबाईंचें पुढील आयुष्य पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत जाऊन शेंकडों उपाशी मुलीबायकांस घेऊन आल्या. केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें. उतारवयांत इब्री व ग्रीक शिकून त्यांनीं साऱ्या पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. १९२२ च्या एप्रिलांत त्या वारल्या, त्याच्या थोडेंच आधीं तें काम संपलें होतें. एवढें काम मजुरीच्या आशेनें होत नाहीं. मजूर दिवस मावळला कीं वर पाहतो. घरचा मुलगा कंदील घेऊन पुन्हां पाणी धरावयास जातो.

उपदेशकबंधूंस दोन शब्द. तुमची कामाची वही असावी. भेटी, सभा, हजेरी लिहावी. मंडळीच्या कारभाराला तिची गरज आहे. मात्र ती प्रार्थनेच्या वेळीं उघडूं नये. तापानें पडून राहिलां, महिन्याचें पान कोरें राहिलें, त्या रात्रीं तुम्ही “हे बापा” असें त्याच धैर्यानें म्हणतां काय? म्हणवत नसेल तर दुसऱ्यांस शिकविण्याच्या आधीं गलतीकरांस पत्राचा चवथा अध्याय स्वतःसाठीं वाचा, व सहावें आणि सातवें वचन सावकाश वाचा.

हा पाठ वर्गांत चालवितांना प्रथम एखाद्या वृद्ध बंधूस, ज्यानें स्वतः साल काढलें आहे, पाडव्याच्या हिशेबाची हकीकत सांगावयास लावावें. त्याचें बोलणें मध्येंच तोडूं नये. मग लूक १५:२५-३२ वाचून विचारावें कीं, थोरल्या मुलाला करडूं कां मिळालें नाहीं? मागितलें नव्हतें म्हणून, कीं बाप देत नव्हता म्हणून? बायांस व मुलांसही उत्तर देऊं द्यावें. आणि येत्या प्रभुभोजनापूर्वीं, जे दाराशीं बसतात त्यांच्या घरीं जावें. वर्गणीची गोष्ट त्या दिवशीं काढूं नये. त्यांच्याबरोबर भाकर खावी, लूकांतील विसावें वचन वाचावें, व रविवारीं त्यांस आपल्या शेजारीं बसवून घ्यावें.