आपली वाट आपणच उतरती करणाऱ्या पेशी

रसायनाच्या दिशेने पेशी कशा सरकतात हा भाग मी शिकवते, तेव्हा मुलं वहीत एक ओळ उतरवून घेतात : पेशी कमी तीव्रतेकडून जास्त तीव्रतेकडे जाते. ओळ खोटी नाही. जखमेकडे धावणाऱ्या एकट्या पांढऱ्या पेशीपुरती ती चालून जाते. पण शरीर घडत असताना पेशी पुष्कळदा घोळक्याने, एकमेकींना घट्ट धरून निघतात, आणि तिथे ही ओळ तोकडी पडते. कुठे तोकडी पडते, तेवढंच या लेखात बघू.

उदाहरण झेब्रा माशाचं. जगभरच्या प्रयोगशाळांचा हा लाडका मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. त्याचा गर्भ आईच्या पोटाबाहेर वाढतो आणि काचेसारखा पारदर्शक असतो, म्हणून आतली हालचाल जिवंतपणीच दिसते.

बाजारातून आणलेल्या कितीतरी माशांच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीकडे जाणारी एक रेघ असते. साफ करताना तिच्याकडे कोण बघतंय म्हणा! ती पार्श्वरेषा. पाण्याची हालचाल ओळखणारे बारीक अवयव तिच्यात बसलेले असतात. झेब्रा माशाच्या गर्भात ते पेरायला कानामागून सुमारे १०० पेशींचा घोळका निघतो आणि साधारण एका दिवसात शेपटीच्या टोकाला पोचतो. जाताना मागे थोड्या थोड्या पेशी सोडत जातो. त्यांचेच पुढे अवयव होतात.

या घोळक्याच्या वाटेवर सीएक्ससीएल-१२ नावाच्या रसायनाचा पट्टा आखलेला असतो. आता गंमत अशी, की हे रसायन पट्टाभर सारखंच तयार होतं. शेपटीकडे जास्त, डोक्याकडे कमी असा चढ-उतार मुळात नाहीच. मग शेपटीकडेच का जायचं? २००६ मध्ये हास आणि गिल्मूर यांनी दाखवलं, की पट्टा फक्त वाट ठरवतो, दिशा नाही. वाट बदललेल्या काही गर्भांत घोळका चक्क वळला आणि उलटा चालू लागला! रसायन ओळखणारा ग्राहक, म्हणजे सीएक्ससीआर-४, ज्यांच्यात नाही अशा पेशींचा घोळका नीट पुढे सरकत नाही. पण त्यात थोड्या धडधाकट पेशी मिसळल्या, तर त्या पुढच्या टोकाला जातात आणि सगळ्यांना घेऊन निघतात.

दिंडीची उपमा इथे पटकन सुचते, पण मला ती पटत नाही. दिंडी निघण्याआधीपासून पंढरपूर जागेवर असतं. इथे तसं काही नाही. त्यापेक्षा चरत निघालेली गुरं बरी : मागचं गवत संपलेलं, म्हणून तोंड पुढे. घोळक्याच्या मागच्या भागातल्या पेशींवर सीएक्ससीआर-७ हा दुसरा ग्राहक असतो. तो रसायन पकडून पेशीच्या आत नेतो आणि तिथे ते नष्ट होतं. मागे रसायन कमी, पुढे तसंच भरपूर. म्हणजे उतार घोळका स्वतःच तयार करतो आणि सोबत घेऊन चालतो. २०१३ मध्ये हायडेलबर्गमधल्या गिल्मूर यांच्या आणि न्यूयॉर्कमधल्या क्नाउट यांच्या गटांनी हा उतार वेगवेगळ्या पद्धतींनी मोजून दाखवला. सीएक्ससीआर-७ काढून टाकला, तर पुढच्या पेशी ओढत राहतात, मागच्या रेंगाळतात, आणि घोळका ताणला जातो.

इथे एक शंका यायलाच हवी : पुढचं कोण आणि मागचं कोण, हे कोण ठरवतं? घोळक्याच्या पुढच्या भागात डब्ल्यूएनटी आणि मागच्या भागात एफजीएफ या संदेशांचा जोर असतो, आणि दोघं एकमेकांना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत. पुढे-मागेची विभागणी त्यातून टिकते.

हे फक्त माशापुरतं असतं, तर मी इतकं लांबण लावलं नसतं. सीएक्ससीआर-४ माणसातही आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी तो वापरून दुसऱ्या अवयवांकडे जातात, असं २००१ मध्ये दाखवलं गेलं. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचं तर आणखी विचित्र. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं, की त्याच्या पेशी सभोवतालचं एलपीए नावाचं रसायन मोडून टाकतात. गाठीजवळ ते संपतं, बाहेर शिल्लक राहतं, आणि पेशी बाहेरच्या दिशेने सुटतात. त्यांना बोलावणारं दूर कुठे कुणी बसलेलं नसतं, त्यामुळे त्यांना थांबवायचं तर त्यांची ती रसायन मोडायची किंवा ओळखायची ताकदच अडवावी लागेल.