गिटारवर पांढरी पाच कुठे असते?

प्रश्न : मी सटाण्याचा. शेती करतो आणि आमच्या भजनी मंडळात बरीच वर्षं पेटीवर बसतो. गेल्या हंगामात कांद्याला जरा बरा भाव लागला, तेव्हा मुलीच्या हट्टापायी गिटार घेतली. ती कॉलेजला गेली की मीही हळूच हातात घेतो. पेटीवर डोळे मिटून काळी एक, पांढरी चार सापडते. इथे सगळंच एकसारखं, काळं-पांढरं काही नाही. मुलीला विचारलं तर म्हणते, "पप्पा, आधी कॉर्ड धरायला शिका, स्वरांचं नंतर बघू." गिटारवरचे स्वर ओळखायचे कसे? आणि मधेमधे ते ठिपके कशासाठी असतात?
एक पेटीवाला, सटाणा (ता. बागलाण)

उत्तर : मुलीचं काही चुकत नाही. गिटार शिकवणारे बहुतेक जण हेच सांगतात. चार कॉर्ड बसल्या की गाण्याला साथ होते, आणि स्वरांची नावं न शिकता वर्षानुवर्षं झकास वाजवणारेही पुष्कळ आहेत. पण तुम्ही पेटीवरून आलात. तुम्हाला उलट्या वाटेनं जाणं सोपं पडेल, कारण निम्मं काम तुमचं आधीच झालेलं आहे.

अडचण नेमकी कुठे आहे ते आधी पाहू. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या आणि स्वरही ४२. प्रत्येक स्वराची जागा एकच. २० फ्रेटच्या, म्हणजे तारांखाली आडव्या बसवलेल्या २० पडद्यांच्या, गिटारवर मोकळ्या तारा धरून १२६ जागा होतात, पण त्यांतून निघणारे वेगवेगळे स्वर फक्त ४५. उरलेल्या ८१ जागी आधीचेच स्वर पुन्हा येतात. सगळ्यांत बारीक तार मोकळी छेडा. जो स्वर येईल तोच, अगदी त्याच उंचीचा, दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर मिळतो, तिसरीच्या नवव्यावर, चौथीच्या चौदाव्यावर आणि पाचवीच्या एकोणिसाव्यावरही मिळतो. पेटीवाल्याचं डोकं गरगरतं ते इथे. काळ्या-पांढऱ्याचा फरक दिसत नाही ही तक्रारही खरी, पण ती दुय्यम.

आता नावं लावू. पांढरी एक म्हणजे सी. मग दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए आणि सात बी. काळी एक म्हणजे सी शार्प, आणि पुढच्या काळ्याही तशाच आपापल्या पांढरीच्या शार्प. पेटीवर दोन ठिकाणी पांढऱ्या पट्ट्या एकमेकींना खेटून असतात, मध्ये काळी नसते: तीन-चार आणि सात-एक. गिटारवर एक फ्रेट पुढे जाणं म्हणजे पेटीवर लगतच्या पट्टीवर जाणं, मग ती काळी असो वा पांढरी. म्हणून तीन-चार आणि सात-एक या जोड्या शेजारशेजारच्या फ्रेटवर येतात, बाकीच्या पांढऱ्यांमध्ये एक फ्रेट सुटतो. एवढं ध्यानात राहिलं की कुठल्याही तारेवर चालत जाता येतं. फक्त ती तार मोकळी असताना काय बोलते ते ठाऊक हवं.

तर मोकळ्या तारा, जाडीकडून बारीककडे: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात, तीन. गिटारवाले बारीक तारेला पहिली म्हणतात आणि जाडीला सहावी, हेही एकदाच पक्कं करून टाका. दोन्ही टोकांच्या तारा नावानं सारख्याच, मध्ये दोन सप्तकांचं अंतर.

आता ठिपके पाहा. खुंट्यांकडून मोजत गेलात तर ते तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या फ्रेटवर एकेक असतात आणि बाराव्यावर बहुधा दोन. पहिले तीन ठिपके धरा. सहाव्या, म्हणजे जाड तारेवर या तीन जागी क्रमानं पांढरी पाच, सहा, सात येतात. तिच्या खालच्या पाचव्या तारेवर त्याच तीन जागी पांढरी एक, दोन, तीन. सातांपैकी सहा पांढऱ्या तीन ठिपक्यांवर बसल्या! उरली पांढरी चार. ती नेहमीप्रमाणे तीनला खेटून, म्हणजे पाचव्या तारेच्या आठव्या फ्रेटवर. ठिपक्यांच्या आजूबाजूला काळ्या आपोआप मिळतात. काळी चार हवी? पाच आणि सहाच्या मधली, म्हणजे जाड तारेचा चौथा फ्रेट. इंग्रजी अक्षरांनी शिकणाऱ्या मुलांना ही सोय एवढी चटकन दिसत नाही. आपल्याकडच्या पेटीच्या आकड्यांनी ती लगेच दिसते.

दोन जाड तारा पाठ झाल्या की बाकीच्या चार घोकायची गरज नाही. सहाव्या तारेवरच्या स्वरावरून एक तार सोडून चौथीवर या आणि दोन फ्रेट पुढे सरका, तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. पाचवीवरून तिसरीवर येतानाही तसंच. चौथीवरून दुसरीवर किंवा तिसरीवरून पहिलीवर येताना मात्र तीन फ्रेट सरकावं लागतं, कारण तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेतलं अंतर इतरांपेक्षा एका फ्रेटनं कमी आहे. बाकी शेजारच्या तारांत पाच फ्रेटचं अंतर, इथे चारचं. गिटारची ही एक खोड मानायची आणि पुढे जायचं. ती काढली तर सहा बोटांच्या माणसालाच कॉर्ड धरता येतील.

तुमची पांढरी पाचच घेऊ. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, तिथून चौथीचा पाचवा, तिथून दुसरीचा आठवा. तिसरी तार तर मोकळीच पाचची. पहिली सहावीसारखी, म्हणून तिसरा फ्रेट. पाचवीवर दहावा. झाल्या सहा जागा. बाराव्या फ्रेटला तार पुन्हा पहिल्या स्वरावर येते, त्यामुळे त्याच्या आत प्रत्येक स्वर प्रत्येक तारेवर एकदाच भेटतो. सहा तारा, सहा जागा. सहाच्या सहा सापडेपर्यंत थांबायचं नाही.

सरावाचं म्हणाल तर एका बैठकीला एकच स्वर पुरे. जागा शोधा, नाव मोठ्यानं घ्या, छेडा आणि पेटीवर तोच वाजवून पडताळा. गिटार शिकणाऱ्या बाकीच्यांना असा पंच घरात मिळत नाही. सरावाआधी तारा पेटीला जुळवून घ्या. गिटारवाले मोबाइलवर ४४० हर्ट्झच्या पांढरी सहाला तारा लावतात आणि जुनी पेटी त्याहून थोडी वर किंवा खाली असू शकते. पेटी काही घरच्या घरी पिळून लावता येत नाही. खुंट्या पिळता येतात.

बाजारात फ्रेटवर चिकटवायचे अक्षरांचे स्टिकर मिळतात. ते घेऊ नका. पेटीच्या पट्ट्यांवर पेनानं सारेगम लिहून शिकलेली मुलं तुम्ही पाहिलीच असतील. पट्टी बदलली की ती अडतात. स्टिकरनं गिटारवरही तेच होतं.

आता ठिपके तिथेच का, हा तुमच्या पत्रातला मला सगळ्यांत आवडलेला प्रश्न. घरात टेप असेल तर घ्या. खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीपासून खालच्या ब्रिजपर्यंत मोकळी तार मोजा. बऱ्याच गिटारींवर ती ६४८ मिलिमीटरच्या आसपास भरते. बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, ३२४ वर येतो. पाचवा साधारण १६२.५ वर आणि सातवा साधारण २१५.५ वर. सतराव्या शतकात अहोबल पंडितांनी 'संगीतपारिजात' या ग्रंथात वीणेच्या तारेवर लांबी मोजून स्वरांच्या जागा सांगितल्या. तारेच्या निम्म्यावर तार षड्ज, तिथवरच्या अंतराच्या निम्म्यावर मध्यम आणि त्याच अंतराचे तीन भाग केले तर दुसऱ्या भागाच्या शेवटी पंचम. आपल्या ६४८ मिलिमीटरच्या तारेवर हा हिशेब ३२४, १६२ आणि २१६ असा येतो. गिटारचा बारावा, पाचवा आणि सातवा फ्रेट यांच्याशी ताडून पाहा: फरक अर्ध्या मिलिमीटरचा! मोकळ्या तारेला सा मानलंत तर या तीन ठिपक्यांवर तुम्हाला तार सा, मध्यम आणि पंचम सापडतील. तिसऱ्यावर कोमल गंधार आणि नवव्यावर शुद्ध धैवत. बाराव्या, सातव्या आणि पाचव्या फ्रेटच्या अगदी वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडलं, दाबलं नाही, तर घंटेसारखा बारीक स्वर उमटतो. तार तिथे दोन, तीन आणि चार सारख्या भागांत कंप पावते म्हणून. तिसऱ्या आणि नवव्या ठिपक्यामागे मात्र एवढं काही नाही. डोळ्याला मोजायला आधार हवा म्हणून ते आहेत.

तो अर्ध्या मिलिमीटरचा फरक कुठून आला, हे थोडक्यात. प्रत्येक फ्रेटला उरलेल्या तारेचा ठरावीक भाग सोडायचा, असा गिटारचा नियम आहे. १५८१ मध्ये व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी तो भाग अठरावा धरला होता. ते ल्यूटवादक, आणि दुर्बीणवाल्या गॅलिलिओचे वडील. आज १७.८१७ नं भागतात. त्यामुळे पहिला फ्रेट ३६ मिलिमीटरवर असतो आणि अकरावा-बारावा यांच्यात जेमतेम १९ मिलिमीटर उरतात. बाराही पायऱ्या कानाला सारख्या व्हाव्यात म्हणून ही तडजोड. पेटीतही हीच आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्यासोबत श्रुतींची पेटी घडवण्याचा प्रयत्नही केला, तो याच तडजोडीला कंटाळून. अशाच तक्रारींवरून आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं आणि ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. गिटारचा शुद्ध गंधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा पेटीइतकाच चढा आहे. मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सरकवून घेता येतात. गिटारचे लाकडात ठोकलेले. तरी तार बाजूला ओढून स्वर थोडा चढवता येतो, जी सोय तुमच्या पेटीला नाही. ब्रिजभूषण काबरा यांनी तर बोटानं फ्रेट दाबणंच सोडलं, गिटार आडवी ठेवून तारेवर धातूची कांडी फिरवली आणि फ्रेटच्या अडथळ्यातून मींड मोकळी केली. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही त्यांची ध्वनिमुद्रिका ऐकलीत तर लक्षात येईल.

राहता राहिलं भजन. पेटीवर पट्टी बदलली की बोटांची सगळी मांडणी बदलते, हे तुम्हाला मी सांगायला नको. गिटारवर मांडणी तशीच राहते, हात फक्त सरकतो. पांढरी पाचला सा धरून शुद्ध स्वरांचं सप्तक असं: सहाव्या तारेवर तिसरा आणि पाचवा फ्रेट (सा रे), पाचवीवर दुसरा, तिसरा, पाचवा (ग म प), चौथीवर दुसरा, चौथा, पाचवा (ध नी सां). हीच मांडणी एक फ्रेट पुढे नेलीत की काळी चार, दोन फ्रेट नेलीत की पांढरी सहा. कॉर्डसाठी हेच काम कॅपो नावाचा चिमटा करतो. बुवांनी काळी एक सांगितली तर कॅपो पहिल्या फ्रेटवर चढवा आणि मुलीला म्हणावं सी धर. काळी चार सांगितली तर कॅपो तिथेच, कॉर्ड जीची. मंडळात गिटार न्यायचीच झाली तर पहिल्या दिवशी मुलीलाही सोबत न्या: कॉर्ड ती धरेल, आणि कॅपो कितव्या फ्रेटवर लावायचा ते तुम्ही तिला पेटीवरून सांगाल.