जिप्सम म्हणजे चुना नव्हे

पॉलिहाऊसच्या मातीबद्दल आपल्याकडे जे सल्ले फिरतात, ते बहुतेक देशावरच्या जमिनी डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात. तिथलं दुखणं चोपणाचं आणि चुनखडीचं; आठच्या वर चढलेला सामू खाली कसा आणायचा, ही चिंता. आमच्या सिंधुदुर्गात नेमकं उलटं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस जांभ्यावरच्या मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो. मागे उरते ती लोह-ॲल्युमिनियमची तांबडी, आंबट माती.

कुडाळच्या बाजूला आम्ही ढोबळी मिरचीसाठी दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभारलं आणि गादीवाफ्यांसाठी डोंगराकडची माती आणली. काका म्हणाले, "माती ती माती, तेच्यात तपासूचा काय?" तरी नमुना पाठवला. सामू निघाला ५.१. ढोबळीला साधारण ६ ते ६.८ लागतो. फरक किरकोळ वाटतो, पण सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते.

सल्लागार घाटावरचे. अहवाल पाहून त्यांनी जिप्सम लिहून दिलं. पोती आली, वाफ्यांत मिसळली, रोपं लावली. रोपं मेली नाहीत, पण हललीही नाहीत. उपटून पाहिली तर मुळं आखूड, टोकं जाड आणि तपकिरी. माती पुन्हा तपासली. सामू होता तिथेच.

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. चोपण जमिनीतला सोडियम हटवायला ते उत्तमच, पण सल्फेट आम्ल मारत नाही. ते काम कार्बोनेटचं किंवा विरवलेल्या चुन्याचं. आणि आम्ल तसंच राहिलं, तर सामू ५.५ च्या खाली असताना ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकं मारतं. स्फुरदही लोह-ॲल्युमिनियमशी बांधला जातो, म्हणजे सुपर फॉस्फेटचा पैसा मातीत असून झाडाला मिळत नाही.

कोकणात माझी पसंती डोलोमाइटला. त्यातून मॅग्नेशियमही मिळतं. मात्र ते पिठासारखं दळलेलं हवं. खडे राहिले, तर ते वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. कळीचा चुना घ्यायचा, तर वजन बघून: शुद्ध चुनखडी १०० किलो जेवढं काम करते, तेवढं विरवलेला चुना ७४ किलोत आणि कळीचा ५६ किलोत करतो. पोत्याला पोतं असा हिशेब केलात, तर सामू सातच्या पलीकडे जाईल आणि लोह, जस्त, बोरॉन अडकून बसतील. घातलेला चुना परत काढता येत नाही. किती घालायचा, हे नुसत्या सामूवरून कळत नाही. चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ जास्त, तेवढा चुना जास्त लागतो. म्हणून प्रयोगशाळेत 'चुन्याची गरज' वेगळी मागून तपासून घ्या.

चुना वरून भुरभुरला तर खाली उतरत नाही. वाफे भरतानाच वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्ये एकजीव मिसळायचा, ओल ठेवायची आणि लागवडीआधी महिना-दोन महिने हातात ठेवायचे. बँकेचा हप्ता सुरू असताना रिकामं पॉलिहाऊस बघवत नाही, हे खरं. पण रोपं उभी राहिल्यावर मुळांच्या थरात हे काम करता येत नाही.

पॉलिहाऊसात एक धोका वेगळाच. कळीचा किंवा विरवलेला चुना आणि युरिया, अमोनियम सल्फेट किंवा कच्चं कोंबडीखत एकत्र आलं की अमोनिया सुटतो. उघड्या शेतात नत्र उडून जातं, एवढंच. पडदे पाडलेल्या पॉलिहाऊसात कोवळी पानं करपतात. चुना आणि ही खतं यांच्यात काही आठवड्यांचं अंतर ठेवा, आणि चुना मिसळताना पडदे वर.

पुढेही ड्रिपमधून सतत अमोनियम सल्फेट सोडलंत, तर माती पुन्हा आंबट होणार. आम्ही नत्राचा मोठा भाग कॅल्शियम नायट्रेटमधून देतो. ते फॉस्फेट-सल्फेटच्या टाकीत मात्र मिसळायचं नाही. साका बसतो आणि ड्रिपर बंद पडतात. हंगाम संपला की वाफ्यांतला नमुना सामूबरोबर ईसीसाठीही पाठवा. छपराखाली पाऊस नाही, त्यामुळे साठलेले क्षार आपोआप धुऊन जात नाहीत.